वाटाण्याच्या सात गुणांचा पत्ता

जीवशास्त्राच्या वर्गात मेंडेलचे नियम शिकवून झाले की शेवटी एक पुस्ती हमखास जोडली जाते. वाटाण्यात गुणसूत्रांच्या सात जोड्या असतात, मेंडेलने गुणही सातच निवडले, आणि योगायोगाने त्या सातांची जनुके सात निरनिराळ्या गुणसूत्रांवर निघाली. एकाच गुणसूत्रावरची दोन जनुके त्याच्या वाट्याला आली असती तर त्याचा नियम कोलमडलाच असता, म्हणजे मेंडेल नशीबवान होता, असे सांगितले जाते. सातास सात जुळतात, गोष्ट चटकन लक्षात राहते आणि म्हणूनच ती टिकून आहे. पण ती खरी नाही. मेंडेलच्या सात गुणांची जनुके सात गुणसूत्रांवर विखुरलेली नाहीत, हे १९७५ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. ती नेमकी कुठे आहेत हे ठरवायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि ठरवणारे लोक वाटेत अनेकदा चुकले. त्या चुका दुरुस्त होऊ शकल्या, कारण ज्या झाडांवरून निष्कर्ष काढले होते त्यांचे बियाणे कोणीतरी जपून ठेवले होते. वाटाण्याच्या जनुकांचा नकाशा नशिबातून किंवा एखाद्या प्रतिभेच्या झेपेतून आलेला नाही. तो बियाणे राखणाऱ्यांच्या चिकाटीतून आला आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी मेंडेलने काय केले ते पाहू. बियाणे विकणाऱ्यांकडून वाटाण्याचे ३४ वाण मागवून त्याने दोन वर्षे ते नुसते पेरून पाहिले. जो वाण पिढ्यान्‌पिढ्या जसाच्या तसा उतरतो तोच उपयोगाचा, या कसोटीवर त्याने २२ वाण ठेवले. मग १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षे ब्रनो येथील मठाच्या बागेत संकर केले. दाणा गोल की सुरकुतलेला, आतली डाळ पिवळी की हिरवी, बियांची साल रंगीत की पांढरी, शेंग फुगीर की चिमटलेली, कच्ची शेंग हिरवी की पिवळी, फुले पेरापेरांवर की शेंड्याला, झाड उंच की खुजे, असे हे सात गुण. एकेका गुणाचे आकडे मोठे होते: ५,४७४ गोल दाण्यांमागे १,८५० सुरकुतलेले, म्हणजे तिनास एक. दोन गुण एकत्र घेतले तेव्हा १५ झाडांवर ५५६ दाणे मिळाले: ३१५ गोल-पिवळे, १०८ गोल-हिरवे, १०१ सुरकुतलेले-पिवळे आणि ३२ सुरकुतलेले-हिरवे. हे प्रमाण ९:३:३:१ च्या जवळ जाते. एका गुणाची वाटणी दुसऱ्या गुणावर अवलंबून नाही, हा निष्कर्ष त्याने यावरून काढला. सालीचा रंग हा तिसरा गुण जोडूनही त्याने तपशीलवार प्रयोग मांडला. बाकीच्या गुणांच्या जोड्या कमी झाडांवर करून पाहिल्या आणि निकाल साधारण तसेच आले, एवढेच तो लिहितो. त्यांचे आकडे देत नाही. म्हणजे स्वतंत्र वाटणीचा छापील पुरावा प्रामुख्याने तीन गुणांवर उभा आहे, सातांवर नाही. पुढच्या वादाची अर्धी गुरुकिल्ली इथेच आहे.

हे काम १८६५ मध्ये ब्रनोच्या सभेत वाचले गेले आणि १८६६ मध्ये छापले गेले, तेव्हा गुणसूत्रांचा आणि आनुवंशिकतेचा संबंध कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. १९०० मध्ये मेंडेलचा निबंध पुन्हा उजेडात आला आणि दोन-तीन वर्षांतच सटन आणि बोव्हेरी यांनी सुचवले की आनुवंशिक घटक गुणसूत्रांवर असले पाहिजेत. तसे असेल तर एक अडचण लगेच उभी राहते. गुणसूत्रे मोजकी आणि गुण असंख्य. तेव्हा एका गुणसूत्रावर पुष्कळ घटक असणार आणि ते एकत्रच पुढे जाणार. ही जोडी प्रथम ठळकपणे दिसली तीही एका शेंगवर्गीय झाडातच. इंग्लंडमध्ये बेटसन, सॉन्डर्स आणि पनेट यांनी १९०५ च्या सुमारास गोडवाटाण्याच्या फुलझाडात जांभळा रंग आणि लांबट परागकण एकमेकांना धरून राहतात असे पाहिले. ९:३:३:१ तिथे बसेना. त्यांना तो प्रकार दिसला, पण त्याचे कारण त्यांनी गुणसूत्रांत शोधले नाही. ते कारण मॉर्गनच्या प्रयोगशाळेत फळमाशीवर सापडले. जोडीतली दोन गुणसूत्रे प्रजननपेशी तयार होताना आपापले तुकडे अदलाबदल करतात. दोन जनुके जितकी दूर तितकी ती सुटण्याची शक्यता जास्त. सुटण्याचे प्रमाण हेच अंतर मानून आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९१३ मध्ये फळमाशीच्या एका गुणसूत्रावरील सहा जनुकांचा पहिला नकाशा छापला. या तर्काची एक बाजू नीट लक्षात ठेवायला हवी. एकाच गुणसूत्राच्या दोन टोकांना असलेली जनुके इतक्या सर्रास सुटतात की ती वेगळ्या गुणसूत्रांवर असल्यासारखीच वागतात. म्हणजे मेंडेलचा नियम खरा ठरण्यासाठी सात जनुके सात गुणसूत्रांवर असण्याची गरजच नव्हती. ती एकमेकांपासून पुरेशी दूर असली तरी भागत होते.

वाटाण्यात हा तर्क लावणे फळमाशीइतके सोपे नव्हते. माशीची पिढी दहा-बारा दिवसांत निघते, वाटाण्याला हंगाम लागतो. शिवाय वाटाणा स्वपरागण करणारा. संकर हवा तर फूल उमलण्याआधी कळी उघडून पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग कुक्षीला लावायचे आणि हे शेकडो कळ्यांवर करायचे. १९११ मध्ये व्हिल्मोरँ आणि बेटसन यांनी वाटाण्यातली पहिली जोडी नोंदवली: दाण्याचा आकार ठरवणारे जनुक आणि तणावे असणे-नसणे ठरवणारे जनुक एकत्र जातात. मेंडेलच्या सातांपैकी एका जनुकाला अशा रीतीने पहिला शेजारी मिळाला. पुढच्या चाळीस वर्षांत एकेक जोडी जमत गेली आणि स्वीडनमधील लान्स्क्रूनाजवळच्या वाइबुल्सहोल्म या पैदास केंद्रात हर्बर्ट लॅम्प्रेख्त यांनी १९४८ मध्ये सात गटांचा नकाशा मांडला. गुणसूत्रे सात, गट सात. पण या समानतेने हुरळून जाण्यात धोका होता. सहलग्न गट ही शेतातल्या आकड्यांवरून बांधलेली गोष्ट आहे. अमुक जनुके एकत्र जातात, एवढेच तो सांगतो. गुणसूत्र ही सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी वस्तू आहे. पहिला गट कोणत्या गुणसूत्राचा, हे आकडे सांगत नाहीत आणि काचपट्टीही सांगत नाही. गल्लीतल्या घरांचा क्रम कळावा आणि ती गल्ली कोणत्या गावातली हे मात्र कळू नये, तशी ही स्थिती होती.

गल्ली आणि गाव जुळवून दिले ते मोडतोड झालेल्या गुणसूत्रांनी. काही वाणांत दोन वेगळ्या गुणसूत्रांनी पूर्वी कधीतरी आपले तुकडे एकमेकांत बदललेले असतात. असा वाण नेहमीच्या वाणाशी संकरित केला की संकरात ती चार गुणसूत्रे जोड्या न करता एक कडे करतात; ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. आणि शेतात त्याची खूण अशी की झाडाचे निम्म्याच्या आसपास पराग आणि बीजांडे वांझ निघतात, शेंगेत दाणे कमी भरतात. ही अर्धवट वांझ स्थिती एखाद्या गुणासारखीच पुढच्या पिढीत उतरते. मग ती कोणत्या जनुकांबरोबर जाते हे पाहायचे. ज्या दोन गटांबरोबर ती जाते, ते दोन गट त्या कड्यातल्या दोन गुणसूत्रांचे. इंग्लंडच्या जॉन इन्स संस्थेत कॅरोलिन पेल्यू आणि ईव्हा सॅन्सम या दोन संशोधक स्त्रियांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी तिबेटी वाटाणा आणि युरोपीय वाटाणा यांच्या संकरात असेच अर्धवट वांझपण अभ्यासले. स्वीडनमध्येही हेच काम चालू होते. तिथल्या स्टिग ब्लिक्स्ट यांनी १९५९ मध्ये तुकडे बदललेल्या पाच वाणांचा आधार घेऊन सहलग्न गट आणि गुणसूत्रे यांची सांगड घातली. शेतकऱ्याच्या नजरेत असे झाड रोगटच. भरघोस पिकाच्या मागे लागलेला पैदासकार ते उपटून टाकेल. नकाशाकाराने मात्र ते राखले, कारण गट आणि गुणसूत्र यांच्यातला दुवा त्याच्याकडेच होता.

याच ब्लिक्स्ट यांनी १९७५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एका छोट्या लेखात थेट प्रश्न केला, की मेंडेलला सहलग्नता का आढळली नाही. त्यांच्या नकाशानुसार सात जनुके सात नव्हे, चारच गुणसूत्रांवर होती: सालीचा रंग आणि डाळीचा रंग पहिल्यावर, उंची, फुलांची जागा आणि शेंगेचा आकार चौथ्यावर, शेंगेचा रंग पाचव्यावर आणि दाण्याचा आकार सातव्यावर. नशिबाच्या गोष्टीचा पाया इथेच ढासळला. मुळात ती गोष्ट संभवनीयही नव्हती. सातही गुणसूत्रे सारख्या लांबीची मानून सात जनुके डोळे मिटून त्यांवर टाकली, तर प्रत्येक गुणसूत्रावर नेमके एक पडण्याची शक्यता १६३ मध्ये एक. इतकी दुर्मीळ गोष्ट घडली असे म्हणायचे तर तिला भक्कम पुरावा हवा. पुरावा कधीच नव्हता. सात आणि सात हे आकडे एकसारखे होते, एवढेच.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. जनुके एकाच गुणसूत्रावर असतील तर मेंडेलला ते दिसायला हवे होते. दिसले नाही म्हणजे एक तर तो नशीबवान किंवा त्याने न जुळणारे आकडे लपवले. बहुतेक जोड्यांबाबत उत्तर वर येऊन गेले आहे. अंतर मोठे असेल तर काही दिसत नाही. एक जोडी मात्र जवळची आहे. झाडाची उंची आणि शेंगेचा आकार ठरवणारी जनुके सुमारे १२ टक्के सुटण्याइतक्या अंतरावर येतात. हिशेब करून पाहू. उंच व फुगीर शेंगांच्या वाणाचा खुज्या व चिमटलेल्या शेंगांच्या वाणाशी संकर केला, तर स्वतंत्र वाटणीत दुसऱ्या पिढीच्या शंभर झाडांत सहाच्या आसपास खुजी-चिमटलेली झाडे मिळावीत. या अंतरावर ती १९ च्या घरात जातील. एवढा फरक मेंडेलसारख्या मोजणाऱ्याच्या नजरेतून निसटला असता हे मानणे कठीण आहे. पण शेंग चिमटवणारी जनुके वाटाण्यात दोन आहेत, आणि त्यांतले एकच उंचीच्या जनुकाजवळ आहे. दुसरे निराळ्या गुणसूत्रावर आहे. दोन्हींमुळे शेंगेच्या आतला चिवट पापुद्रा नीट तयार होत नाही आणि शेंग दाण्यांभोवती चिमटते. मेंडेलच्या वाणात कोणते होते ते आता सांगता येत नाही. ते दुसरे असेल तर दिसण्यासारखे काही नव्हतेच; पहिले असेल तर ही एक जोडी त्याने तपशीलवार पाहिली नसावी. लबाडीचा आरोप करायला यांतली कोणतीच शक्यता पुरेशी नाही. आणि ज्या तीन गुणांचे आकडे त्याने दिले, त्यांच्याबाबत नियम आजही तंतोतंत खरा आहे.

मात्र ब्लिक्स्ट यांचा नकाशाही अंतिम नव्हता, आणि या इतिहासाचा हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. नशिबाची गोष्ट खोडणारे पत्ते स्वतःच काही ठिकाणी चुकीचे होते. जुने गट बऱ्याचदा कमकुवत जोड्यांच्या आधारे बांधलेले होते, आणि ज्या वाणात तुकडे बदललेले आहेत त्याच्या संकरात दोन वेगळ्या गुणसूत्रांवरची जनुकेही एकत्र असल्याचा भास होतो. १९८० नंतर विकरांचे प्रकार आणि डीएनएच्या खुणा हाती आल्या. झाडाच्या रूपात दिसणाऱ्या चार-दोन गुणांऐवजी एकाच संकरात शेकडो खुणा मोजता येऊ लागल्या, आणि अमेरिकेत नॉर्मन वीडन, इंग्लंडमध्ये नोएल एलिस अशा संशोधकांनी सारा नकाशा नव्याने तपासला. दाण्याच्या आकाराचे जनुक सातव्या गटातून पाचव्यात आले, सालीच्या रंगाचे पहिल्यातून दुसऱ्यात गेले. आजचा पत्ता असा: डाळीचा रंग पहिल्या गटात, सालीचा रंग दुसऱ्यात, उंची तिसऱ्यात, फुलांची जागा चौथ्यात, दाण्याचा आकार आणि शेंगेचा रंग हे दोन्ही पाचव्यात पण एकमेकांपासून लांब. शेंगेच्या आकाराचे जनुक तिसऱ्यात किंवा सहाव्यात. म्हणजे मेंडेलचे वाण कोणतेही धरा, सात जनुके पाच किंवा सहा गुणसूत्रांवर येतात. सातव्या गटात एकही नाही. गटांचे क्रमांक आणि गुणसूत्रांचे क्रमांकही जुळत नाहीत. पहिला गट म्हणजे दुसरे गुणसूत्र, दुसरा म्हणजे सहावे, तिसरा म्हणजे पाचवे, पाचवा म्हणजे तिसरे, सहावा म्हणजे पहिले. चौथा आणि सातवा तेवढे आपापल्या जागी. २००२ मध्ये चेक संशोधकांनी गुणसूत्रे यंत्राने वेगळी काढून त्यांवर डीएनएच्या खुणा शोधल्या, तेव्हाही सारख्या आकाराची गुणसूत्रे ओळखायला तुकडे बदललेलेच वाण वापरावे लागले. २०१९ मध्ये 'कॅमिओर' या फ्रेंच वाणाचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा प्रत्येक गुणसूत्राच्या नावात गटाचा क्रमांकही जोडून ठेवला गेला. शतकभराच्या दोन मोजण्यांची ती खूण आहे.

इथे कोणी विचारेल, एवढ्या वेळा बदललेल्या नकाशावर आज तरी विश्वास का ठेवायचा? कारण आता पत्त्यावर जाऊन दार ठोठावता येते. दाण्याच्या आकाराचे जनुक १९९० मध्ये हाती आले. पिष्टमय पदार्थाच्या शाखा जोडणाऱ्या विकराच्या जनुकात एक उपरा तुकडा घुसला आहे. त्यामुळे पिष्ट कमी बनते, साखर वाढते, कोवळा दाणा जास्त पाणी धरतो आणि वाळताना सुरकुततो. उंचीचे जनुक १९९७ मध्ये सापडले, ते झाडाची वाढ करणारे जिबरेलिन बनवण्याच्या शेवटच्या टप्प्यातले. डाळीच्या हिरव्या रंगाचे २००७ मध्ये, सालीच्या रंगाचे २०१० मध्ये. उरलेल्या तीन गुणांचा उलगडा चिनी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये सुमारे ७०० वाणांचा जनुकसंच वाचून केला. १८६६ पासून मोजले तर १५९ वर्षे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. सारा जनुकसंच आता काही दिवसांत वाचता येतो, मग कळ्या उघडून, दाणे मोजून केलेल्या जुन्या कामाचे आणि कपाटातल्या जुन्या बियाण्याचे काय करायचे? वाटाण्याचा जनुकसंच सुमारे ४.४५ अब्ज अक्षरांचा, म्हणजे माणसापेक्षा मोठा, आणि त्यातला बहुतांश भाग त्याच त्या मजकुराची पुनरावृत्ती. असा ग्रंथ वाचून काढला तरी कोणत्या ओळीने शेंग पिवळी होते हे ग्रंथ सांगत नाही. ते सांगते पिवळ्या शेंगेचे झाड, त्याच्या शेजारी लावलेले हिरव्या शेंगेचे झाड आणि दोहोंच्या वंशाची नोंदवही. २०२५ चे काम जॉन इन्स संस्थेने जपलेल्या संग्रहाशिवाय झालेच नसते. वाइबुल्सहोल्मचा संग्रहही लॅम्प्रेख्त आणि ब्लिक्स्ट यांच्यानंतर विखुरला नाही. तो आज उत्तर युरोपीय देशांच्या सामायिक जनुकपेढीत आहे. चुकीचा नकाशा दुरुस्त करता आला, कारण त्याचा मूळ पुरावा पुन्हा पेरता येत होता.

हे आपल्या दृष्टीने दूरचे नाही. महाराष्ट्राच्या ताटातली तूर ११ गुणसूत्रांची. तिच्या जनुकसंचाचा पहिला मसुदा २०११ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पुढाकाराने आणि स्वतंत्रपणे पटनचेरूच्या इक्रिसॅटच्या पुढाकाराने तयार झाला. दोन्हींसाठी घेतलेला वाण 'आशा' होता, मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तोंड देणारा. हरभऱ्याचा मसुदा २०१३ मध्ये आला. ग्रंथ हाती आहे. पण रोगाला कोणती ओळ अडवते, उशिरा येणारे गावठी झाड दुष्काळात का तग धरते, हे सांगायला वाटाण्याला लागली तीच सामग्री लागेल: शुद्ध राखलेले, गुण टिपून ठेवलेले, निरुपयोगी वाटले तरी न फेकलेले वाण. इक्रिसॅटच्या पेढीत तुरीचे १३,००० हून अधिक नमुने आहेत. बांधावरच्या आणि डोंगरउतारावरच्या जुन्या तुरीची प्रत्येक गावात पेरणी थांबण्याआधी नोंद आणि जतन व्हायला हवे. एकदा गेलेला वाण पुन्हा वाचता येत नाही. आणि वर्गात मेंडेल शिकवताना तो नशीबवान होता हे वाक्य गाळावे. त्याने दोन वर्षे वाण पारखले आणि आठ वर्षे दाणे मोजले. त्याच्यानंतरच्यांनी शंभर वर्षे बियाणे सांभाळले. विद्यार्थ्यांना हे सांगावे.